सात रात्री, सात बिछाने : युटा-ॲरिझोनाच्या एका कौटुंबिक सहलीचा आराखडा

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या मित्राने मला एक तक्ता पाठवला. तो, वहिनी आणि दुसरीत जाणारी त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात राहतात. त्याचे आईवडील, म्हणजे आमचे काका-काकू, जुलैच्या मध्याला साताऱ्याहून पाच महिन्यांसाठी यायचे होते. मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सगळ्यांनी मिळून युटा आणि ॲरिझोनातली राष्ट्रीय उद्यानं पाहायची असा बेत होता. मी फिनिक्सला राहतो, तो भाग माझ्या पायाखालचा आहे, म्हणून "एकदा नजर टाक" एवढंच त्याचं म्हणणं होतं. पुढचा महिनाभर आम्ही त्या तक्त्यावर भांडलो. आईवडील पहिल्यांदा अमेरिकेत येतात तेव्हा बहुतेक मराठी घरांत असाच एक तक्ता तयार होतो, म्हणून तो कसा बदलला ते सविस्तर लिहितो आहे.

पहिला तक्ता

लास व्हेगासला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, मोआबजवळची आर्चेस आणि कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, पेजचं अँटेलोप कॅन्यन, ग्रँड कॅन्यन असा वळसा घालून पुन्हा व्हेगासला यायचं. एकूण सुमारे १२०० मैल, म्हणजे १९०० किलोमीटरच्या वर. सहा राष्ट्रीय उद्यानं आणि नवाहो या मूळनिवासी लोकांच्या हद्दीतल्या दोन जागा. आठ दिवस, सात रात्री, आणि प्रत्येक रात्र वेगळ्या गावात.

मित्राचं गणित चुकीचं नव्हतं. सगळे टप्पे मिळून साडेबावीस तासांच्या आसपास गाडी चालवायची होती. "रोजचे तीन ताससुद्धा होत नाहीत," तो म्हणाला. नकाशावर रस्ता सुरेख दिसतो, एकही मैल उलटा जात नाही, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. इंटरनेटवर सापडणारे निम्मे आराखडे याच घाटाचे असतात.

पण गाडीत कोण बसणार होतं? काका एकाहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा बदललेला. सपाटीवर मैलभर आरामात चालतात, पायऱ्या उतरताना मात्र कठडा लागतो. काकूंना रक्तदाब, चढावर दम लागतो. मुलगी सात वर्षांची. वहिनी गाडी चालवतात, पण अनोळखी रस्त्यावर अंधारात चालवायची त्यांची तयारी नव्हती.

काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. मित्राने तक्ता त्यांना पाठवला तो केवळ त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला आणि व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न विचारला : "हे स्टिअरिंगचे तास झाले. स्प्रेडओव्हर किती?"

या एका प्रश्नाने पहिला आराखडा मोडला, म्हणून तो नीट सांगतो. एस.टी.त चालकाची ड्यूटी लावताना दोन आकडे बघतात. एक, प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास. दुसरा, ड्यूटीवर हजर झाल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा काळ, मधल्या थांब्यांसकट. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात रोजचं काम आठ तासांचं आणि स्प्रेडओव्हर बारा तासांचा धरलेला होता. काकांनी तोच हिशेब मोआबच्या दिवसाला लावला. सकाळी आठला कॅपिटल रीफजवळचं टोरी गाव सोडायचं. कॅपिटल रीफमध्ये फ्रुटाच्या जुन्या मॉर्मन फळबागा आणि आतला रस्ता बघायला दोन तास. मोआबपर्यंत पावणेतीन तास, वर दोन थांबे. जेवण. अडीचला हॉटेलात सामान टाकायचं, चारनंतर आर्चेसमध्ये शिरायचं, कारण त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी सात ते दुपारी चार या वेळेत शिरायला आधी काढलेलं वेळेचं तिकीट लागत होतं. जुलैत सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, तो डेलिकेट आर्च या दगडी कमानीपाशी बघायचा, अंधारात उतरायचं, खोलीवर पोचेस्तोवर साडेदहा. साडेचौदा तास. आणि दुसऱ्या दिवशी कॅन्यनलँड्समधल्या मेसा आर्चचा सूर्योदय असल्यामुळे पहाटे पाचला निघायचं!

"या गाडीला मी शेड्यूल दिलं नसतं," काका म्हणाले. त्यावर मित्राकडे उत्तर नव्हतं.

जुलै का नाही

माझी हरकत वेगळी होती. जुलैच्या शेवटी मोआबला दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास असतो आणि डेलिकेट आर्चच्या वाटेवर, जाऊन-येऊन तीन मैल, सावलीचं झाड नाही. पण उन्हापेक्षा मला भीती पावसाची होती. नैऋत्य अमेरिकेतही मॉन्सून येतो, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी कुठेतरी एक ढग फुटतो आणि तासाभरात मोकळा होतो. उघडा खडक आणि कडक झालेली जमीन पाणी पिऊन घेत नाही, सगळं पाणी ओढ्यात उतरतं आणि ओढे अरुंद घळींमध्ये. घळीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा निळं आकाश असू शकतं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये असंच झालं. पाऊस कित्येक मैल वर पडला आणि लोंढ्यात अकरा पर्यटक गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले.

हे मी मित्राला सांगितलं होतं. पण निर्णय झाला तो वेगळ्याच बातमीने. ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढत जातं आणि माणसं एकमेकांना धरून मध्यभागी उभी आहेत, तो व्हिडिओ घराघरात पोचला. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला : "पावसाळ्यात घळीबिळीत कुठं जायचं नाही. पुढं ढकला."

मग कधी? सप्टेंबरच्या उत्तरार्धात हवा चांगली होते, पण पितृपक्ष आणि लगेच नवरात्र. काकू घट बसवतात. अखंड दिवा लावून घर बंद करून जायचा प्रश्नच नव्हता. दसरा १२ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. मधले तीन आठवडे मोकळे. वाळवंटासाठी वर्षातला तो उत्तम काळ आहे : दिवसा ऊन सुसह्य, मॉन्सून संपलेला, झायनमधल्या नदीकाठची झाडं पिवळी व्हायला लागलेली. अडचण मुलीच्या शाळेची. आठवडाभर शाळा बुडणार म्हणून वहिनी नाखूश होत्या. शेवटी बाईंशी बोलून अभ्यास आधीच मागून घ्यायचा असं ठरलं. शाळा नियमित व्हायला हवी हे मलाही मान्य आहे, पण आजी-आजोबांबरोबरचा एक आठवडा त्याहून मोलाचा, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणेन.

मोआब कापताना

तारीख बदलली, एक दिवस वाढला. १३ ऑक्टोबरला निघून २१ ला परत, आठ रात्री. तरीही यादी तीच राहिली तर हाल तेच होणार होते. काहीतरी कापायला हवं होतं आणि नकाशा बघितला की उत्तर स्पष्ट होतं. झायन, ब्राइस, पेज आणि ग्रँड कॅन्यन हे एकमेकांच्या जवळचे आहेत. मोआब आणि मॉन्युमेंट व्हॅली पूर्वेला लांब आहेत. ते सोडले तर १२०० मैलांचे सुमारे ८१० होतात, साडेबावीस तासांचे साडेचौदा, आणि सात बिछान्यांचे चार : प्रत्येक मुक्कामी दोन रात्री.

मित्र ऐकेना. डेलिकेट आर्च युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते, त्याने ती वर्षानुवर्षं फोटोत पाहिलेली, आणि आईबाबांना तिथे उभं करून फोटो काढायचा हे त्याच्या मनात घर करून बसलं होतं. मी सांगत होतो की काका त्या कातळाच्या चढावर जाणार नाहीत. फार तर खालच्या थांब्यावरून लांबून बघतील. वाद आठवडाभर चालला. तो काकूंनी संपवला. "तू इथंच राहतोस ना रे? मग तू पुढच्या वर्षी जा की. आम्हाला एक-दोनच जागा दाखव, पण बसून बघू दे."

मला वाटतं, अशा सहलीचं सगळं नियोजन या वाक्यात आहे. इथे राहणाऱ्या मुलाची यादी लांब असते, कारण त्याला सगळं एकदाच दाखवून मोकळं व्हायचं असतं. पण त्याला ती ठिकाणं पुन्हा मिळणार असतात. ज्यांचं पुन्हा येणं होणार नाही, त्यांच्या पायांना आणि त्यांच्या हौसेला धरून मार्ग आखायला हवा. उद्यानं किती झाली हे मोजण्यापेक्षा गाडीबाहेर, दमलेलं नसताना, किती तास मिळतात ते मोजा. पहिल्या तक्त्यात असे तास रोज दोन-तीन निघत होते. नव्या तक्त्यात पाच-सहा.

बारीकसारीक, पण तिथेच गाडी अडते

घड्याळ. नेवाडातून युटात गेलं की एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेणं) पाळत नाही, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये युटातून पेजला आलं की तास मागे. आणि पेजला लागूनच असलेला नवाहो प्रदेश ॲरिझोनात असूनही उन्हाळी वेळ पाळतो, पण अँटेलोप कॅन्यनच्या फेऱ्या पेजच्या घड्याळावर चालतात. युटाची हद्द जवळ, त्यामुळे फोन कुठल्या टॉवरची वेळ दाखवेल याचा भरवसा नाही. मूळ आराखड्यात मॉन्युमेंट व्हॅलीहून त्याच दिवशी येऊन अकराची फेरी गाठायची होती. नव्यात आदली रात्र पेजलाच. काकांनी मनगटी घड्याळ पेजच्या वेळेला लावायचं आणि तेच प्रमाण मानायचं असं ठरलं. आणखी एक गोष्ट लोक विसरतात : तास मागे गेला की सूर्यही लवकर मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यात झायनला सातच्या आत दिवस बुडतो, पेजला पावणेसहाच्या सुमारास. वहिनींची अट होती की सूर्यास्तानंतर गाडी हायवेवर नको, कारण हरणं रस्त्यावर येतात आणि मोकाट गुरांचे पट्टेही आहेत. त्यामुळे हा तास कागदावर मांडणं भागच होतं.

अँटेलोप. या घळीचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग आहेत. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत, काकांसाठी बाद. अप्परमध्ये घळीच्या तळाशी सपाट चालायचं असतं, पण तिथवर वाळूच्या ओढ्यातून गाडी हादरत जाते, आणि परतीच्या वाटेवर पायऱ्या आहेत. आत पिशव्या नेता येत नाहीत, म्हणून काठी चालेल का हे पैसे भरायच्या आधी फोन करून विचारून घेतलं. इथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. नवाहो हद्दीतल्या जागांचं शुल्क वेगळं. पेजजवळच्या हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाच्या वाहनतळाचे दहा डॉलरही वेगळे.

उंची. ब्राइसचा कडा २४०० ते २७०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. रेनबो पॉइंट तर २७७८. काकूंच्या साताऱ्याच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. त्यांनी पहिल्या दिवशी चढउतार करू नका, पाणी पीत राहा, असं सांगितलं. म्हणून ब्राइसला पहिल्या संध्याकाळी फक्त सनराइज ते सनसेट पॉइंटमधली अर्ध्या मैलाची फरसबंद वाट. दुसऱ्या दिवशी गाडीने आधी थेट शेवटच्या रेनबो पॉइंटला जायचं आणि परतताना एकेक थांबा करायचा, कारण मग सगळे थांबे उजव्या हाताला येतात.

आणि स्वच्छतागृहं. याबद्दल कुणी लिहीत नाही. आपल्या घरातल्या मोठ्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण "मध्येच जायला लागलं तर?" सह्याद्रीत हे एक वेळ खपतं. इथल्या कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, तहान कळत नाही, आणि वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी प्यायला सांगतात. काकू रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन अर्ध्या बाटलीवर दिवस काढणार, हे वहिनींनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी तक्त्यात एक नवा रकाना घातला : प्रत्येक टप्प्यावर पुढचं स्वच्छतागृह किती मिनिटांवर. झायनमध्ये शटल बसच्या लॉज, ग्रोटो आणि शेवटच्या टेंपल ऑफ सिनावावा या थांब्यांवर सोय आहे. दुर्गम थांब्यांवर खड्ड्याचे संडास असतात, तिथे पाणी नसतं, म्हणून हाताशी पाण्याची बाटली आणि टिश्यू. हा रकाना पाहिल्यावर काकू पाणी प्यायला लागल्या. या सगळ्या आराखड्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

खाण्याचं सोपं होतं. दशम्या, चटणी, मेतकूट, पोह्यांचं कोरडं मिश्रण, छोटा इलेक्ट्रिक कुकर. केनॅब, पँग्विच, पेज या गावांत दवाखाना आहे, तेवढ्या खुणा नकाशात करून ठेवल्या आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घेतले, कारण मधल्या पट्ट्यात रेंज नसते. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरच्या खोल्या तेरा महिने आधीपासून सुटतात आणि जुलैत ऑक्टोबरच्या मिळणं कठीण होतं. वहिनी रोज सकाळी रद्द झालेल्या खोल्या बघत राहिल्या. ऑगस्टअखेर दोन रात्री मिळाल्या.

प्रत्यक्षात

झायनमध्ये हंगामात खाजगी गाडी मुख्य घळीत नेता येत नाही, शटलनेच जावं लागतं. मित्राला ती कटकट वाटत होती. काकांना बस मिळाल्याचा आनंद झाला. त्यांनी दर थांब्यावर किती मिनिटांनी पुढची बस येते ते टिपून ठेवलं. व्हर्जिन नदीच्या काठाने जाणारी रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन सव्वादोन मैलांच्या आतबाहेर, त्यांनी मध्ये बसत बसत पूर्ण केली.

१६ तारखेला कोजागरी होती आणि मुक्काम ब्राइसला. साताऱ्याहून आणलेला दुधाचा मसाला, खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं दूध, थर्मासमध्ये भरून सनसेट पॉइंट. तिथे वर्षातल्या निम्म्या रात्री पारा गोठणबिंदूच्या वर-खाली होतो. भेगांतलं पाणी गोठून फुगतं, पुन्हा वितळतं, आणि त्या ओढाताणीतूनच हे शेकडो लाल सुळके कोरले गेलेत. काकूंनी दोन स्वेटर आणि वर शाल घेतली होती. मुलीने रेंजरच्या पुस्तिकेतला प्रश्न आजीला विचारला, सुळके कसे झाले, आणि आजीने तिला मराठीतून पुन्हा विचारून समजावून घेतलं.

ग्रँड कॅन्यनला पेजकडून येताना कॅमेरॉनवरून डेझर्ट व्ह्यूचं पूर्व प्रवेशद्वार लागतं. मेरी कोल्टर यांनी रचना केलेला १९३२ चा मनोरा तिथे आहे. त्या रस्त्यावरच्या थांब्यांवरून समोर एक टोकदार डोंगर दिसतो, त्याचं नाव विष्णू टेंपल. १८८० च्या सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी इथल्या शिखरांना जगभरच्या देवतांची नावं दिली. शिवा टेंपलही आहे. तळाशी नदीकाठी दिसणाऱ्या काळपट खडकालाही विष्णूचंच नाव आहे, आणि तो सुमारे १७० कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा. हे मी मित्राला आधी लिहून दिलं होतं. काकूंनी तिथे चप्पल काढून हात जोडले आणि मग तासभर बाकावर बसून राहिल्या. पहिल्या तक्त्यात या थांब्याला वीस मिनिटं होती.

सगळं जमलं असंही नाही. शेवटच्या दिवशी ग्रँड कॅन्यन ते लास व्हेगास हा २८० मैलांचा टप्पा जडच गेला. तो आम्ही कापू शकलो नव्हतो, कारण विमान रात्रीचं आणि सुटी संपलेली. काकांचा गुडघा किंगमनच्या आधीच आखडला. पुन्हा असा आराखडा कुणी केला तर पेजची एक रात्र कमी करून ती विल्यम्स किंवा किंगमनला द्यावी. पेजला दोन रात्री लागत नाहीत; अँटेलोप आणि हॉर्सशू बेंड एका सकाळी होतात.

आता जाणाऱ्यांसाठी

२०२४ मध्ये ८० डॉलरच्या वार्षिक पासात ही सगळी गाडी झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनला गेली. एरवी तिन्हीकडे गाडीमागे ३५ डॉलर पडले असते. १ जानेवारी २०२६ पासून हिशेब बदलला आहे. ८० डॉलरचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, बाहेरून येणाऱ्यांसाठी २५० डॉलरचा. शिवाय अकरा मोठ्या उद्यानांत, ज्यात ही तिन्ही येतात, पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला सोळा आणि त्याहून मोठ्या वयाला माणशी १०० डॉलर जादा. काका-काकूंसारख्या दोघांचे तीन उद्यानांत ६०० होतील, म्हणजे पास घेणंच परवडतं. गाडीत इथे राहणारे आणि पाहुणे दोघेही असतील तर कोणता पास कुणाला लागू होतो ते उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर पाहून, ओळखपत्रं बरोबर ठेवूनच निघा. आर्चेसचा वेळेच्या तिकिटाचा नियम वर्षागणिक बदलतो, तोही तिथेच बघा. आणि ब्राइसहून ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याला जायचा जवळचा पर्याय मनात असेल तर जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं आहे हे लक्षात ठेवा. तो कडा हिवाळ्यात बंदच असतो, आणि तिथे राहण्याची सोय काय आहे याची खात्री झाल्याशिवाय त्या बाजूचा मुक्काम धरू नका.